विश्लेषण : ऑनलाइन खेळ बंद पडला, तर खेळाडूच्या हाती काय उरते?

चार-पाच वर्षे रोज खेळून वाढवलेले पात्र, पैसे मोजून घेतलेली शस्त्रे आणि पोशाख, खेळातच जमलेली टोळी… हे सगळे एका सूचनेने नाहीसे होऊ शकते. भूमिका घेऊन खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या म्हणजे ‘रोल-प्लेइंग’ खेळांच्या चाहत्यांमध्ये सध्या हीच धास्ती आहे. परदेशात कंपन्या नफ्याचे गणित जमत नाही म्हणून सर्व्हर बंद करत आहेत. भारतात सरकारी आदेशाने एका संध्याकाळी शेकडो ॲप गेल्याचा अनुभव ताजा आहे. पुण्यात महागड्या संगणकावर खेळणारा असो की शिरूर तालुक्यातील पाबळमध्ये स्वस्त मोबाइल डेटावर खेळणारा, या बाबतीत दोघांच्या हक्कांत काडीचा फरक नाही. दोघांनाही ते जवळपास नाहीतच.

धास्तीचे ताजे कारण काय?

ॲमेझॉनचा ‘न्यू वर्ल्ड’ हा खेळ. २८ सप्टेंबर २०२१ रोजी तो आला तेव्हा स्टीम या मंचावर एका वेळी नऊ लाखांहून अधिक लोक तो खेळत होते. त्यानंतर गर्दी ओसरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या नावाने आणि नव्या रूपात तो पुन्हा बाजारात आणला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवा मोठा भाग मोफत देण्यात आला आणि जुने खेळाडू परतू लागले. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांत ॲमेझॉनने मोठ्या नोकरकपातीबरोबर जाहीर केले, की या खेळात यापुढे नवे काही येणार नाही. सर्व्हर चालू राहतील असा दिलासा तेव्हा दिला गेला. पण जानेवारी २०२६ मध्ये खेळाची विक्री थांबवून ३१ जानेवारी २०२७ ही सर्व्हर बंद करण्याची तारीखही देण्यात आली.

त्यातल्या त्यात ही कंपनी वर्षभर आधी तारीख सांगते आहे. अनेकदा तेवढेही होत नाही, म्हणून इतर खेळांचे खेळाडू लहानसहान खुणांवरून अंदाज बांधत बसतात. अपडेट लांबला, दोन सर्व्हर एकत्र केले, दुकानातल्या वस्तूंवर अचानक मोठी सूट दिली, निर्मात्या स्टुडिओत नोकरकपात झाली की चर्चा सुरू होते. यातली मेख अशी, की अशा खेळांत धास्तीच खेळाला मारू शकते. रोल-प्लेइंग खेळाला माणसे लागतात. मोठ्या राक्षसाला हरवायला दहा-वीस जणांची फौज हवी, बाजारात वस्तू विकायला गिऱ्हाईक हवे, टोळीला नवे सदस्य हवेत. खेळ बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली की नवे लोक येत नाहीत, जुने पैसे खर्च करणे थांबवतात आणि कंपनीच्या हिशेबात तो खेळ खरोखरच तोट्यात दिसू लागतो. बँक बुडणार अशी अफवा पसरल्यावर ठेवीदारांची रांग लागावी, तसाच हा प्रकार. बँकेतील ठेवीला निदान पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे कवच असते.

पात्र नेमके कुठे राहते?

खेळाचे ॲप मोबाइलमध्ये असते, पण पात्र तिथे नसते. मोबाइलमधले ॲप म्हणजे चित्रे, आवाज आणि एक खिडकी. पात्राची लेव्हल किती, त्याच्या झोळीत काय आहे, त्याने काल कोणाला हरवले, ही सगळी नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. फसवणूक टाळायची तर ती तिथेच ठेवावी लागते. मोबाइलमध्ये ठेवली तर कोणीही आपल्या पात्राला हवे तेवढे सोने देऊ शकेल. म्हणजे नोंद सर्व्हरवर ठेवण्यामागे तांत्रिक कारण आहे आणि ते रास्तही आहे. त्याचा परिणाम मात्र असा, की सर्व्हर थांबला की ॲप असून नसल्यासारखे.

पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ हा खेळ शेजारी ठेवला की फरक लक्षात येतो. तो एकट्याने खेळायचा. एकदा यंत्रात उतरवला की खेळायला सर्व्हरची गरज नाही. ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळ म्हणजे एखादी वस्तू नव्हे, ती चालू सेवा आहे.

खेळाच्या सुरुवातीला न वाचता ‘मान्य’ म्हणून दाबलेल्या अटींत हेच लिहिलेले असते. पात्र, नाणी, पोशाख यांवर मालकी कंपनीची. खेळाडूला मिळतो तो वापराचा परवाना, आणि तो कंपनी कधीही काढून घेऊ शकते. गावाकडच्या भाषेत, सातबारा कंपनीच्या नावावर आणि आपण नुसते कसणारे. बरे, जमिनीच्या बाबतीत कसणाऱ्याची बाजू घेणारा कुळकायदा महाराष्ट्रात १९४८ पासून आहे. सर्व्हरवरच्या पात्रासाठी तसे काही नाही.

भारतातला अनुभव काय सांगतो?

इथे धोका अधिक करून दुसऱ्या बाजूने आला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ११८ ॲपवर बंदी घातली. त्यात ‘पब्जी मोबाइल’ होता आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बातम्या त्याच्याच झाल्या. त्याच यादीत ‘क्रुसेडर्स ऑफ लाइट’, ‘रेंजर्स ऑफ ऑब्लिव्हियन’, ‘लाइफआफ्टर’, ‘एएफके अरेना’ हे रोल-प्लेइंग वळणाचे खेळही होते. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी ५४ ॲपची यादी आली. तिच्यातला ‘फ्री फायर’ गाजला, पण ‘कॉन्कर ऑनलाइन’ आणि अंतराळात चालणारा ‘ईव्ह एकोज’ यांचे नाव मथळ्यांत नव्हते. या खेळांचे भारतातले खेळाडू कमी होते, एवढाच त्यांचा दोष. पात्र घडवायला लागलेला वेळ मात्र कमी नव्हता. उलट पब्जीसारख्या खेळात प्रत्येक सामना शून्यापासून सुरू होतो, तर रोल-प्लेइंग खेळात कालच्या कष्टावर आजचा डाव उभा असतो. ज्याचे जास्त साठलेले, त्याचेच जास्त गेले.

पब्जीचे पुढे काय झाले, ते तपशिलात पाहण्यासारखे आहे, कारण साठवलेले परत मिळाल्याचे भारतातले सर्वांत मोठे उदाहरण तेच. बंदीनंतरही ज्यांच्या मोबाइलमध्ये तो होता त्यांचे काही आठवडे चालले. ३० ऑक्टोबर २०२० रोजी टेन्सेंटने भारतातली सेवा पूर्ण थांबवली. मूळ दक्षिण कोरियन मालक क्राफ्टनने २ जुलै २०२१ रोजी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ म्हणजे ‘बीजीएमआय’ आणला आणि जुन्या खात्यातील सामान नव्या खात्यात हलवण्याची सोय दिली. ती मुदतीची होती. आधी थोड्या दिवसांची, मग वाढवून ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत. ज्यांना वेळेत कळले त्यांना आपली जुनी ‘आयडी’ मिळाली. त्या काळात फोन बदललेल्या, पासवर्ड विसरलेल्या किंवा खेळ सोडून दिलेल्यांची राहून गेली.

एवढ्यावर हे थांबले नाही. २८ जुलै २०२२ रोजी बीजीएमआयही दुकानांतून उतरवला गेला. सुमारे दहा महिन्यांनी, मे २०२३ मध्ये, तीन महिन्यांच्या चाचणी परवानगीवर तो परतला. सर्व्हर कुठे आहेत आणि माहितीची सुरक्षा कशी आहे यावर सरकारचे समाधान झाल्याचे तत्कालीन राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी जाहीर केले. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि इतरांना सहा तास अशी मर्यादा घालण्यात आली. फ्री फायरच्या खेळाडूंना ‘फ्री फायर मॅक्स’ची वाट होती, कारण दोन्हींचे खाते एकच चाले. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस महेंद्रसिंह धोनीला घेऊन ‘फ्री फायर इंडिया’ची घोषणा झाली, ५ सप्टेंबर ही तारीखही दिली गेली, आणि मग प्रकाशन पुढे ढकलले गेले.

या घडामोडींत खेळाडूला बाजू मांडायची जागा कुठे होती? कुठेच नाही. कलम ६९-अ खालच्या २००९ च्या नियमांत म्हणणे मांडायची संधी आहे ती ॲप चालवणाऱ्याला किंवा मध्यस्थ कंपनीला. नियम १६ नुसार तक्रार आणि तिच्यावरची कारवाई गोपनीय ठेवायची असते. राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न खरा असेलही. तरी चार वर्षे पैसे भरणाऱ्याला ‘अमुक तारखेपर्यंत आपली नोंद उतरवून घ्या’ एवढे सांगायला त्या सुरक्षेची आडकाठी येण्याचे कारण दिसत नाही.

चीनमध्ये काय वेगळे झाले?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा २००४ पासूनचा रोल-प्लेइंग खेळ चीनमध्ये ब्लिझार्ड ही अमेरिकी कंपनी नेटईज या स्थानिक कंपनीमार्फत चालवत होती. करार वाढवण्यावरून दोघांचे बिनसले आणि २३ जानेवारी २०२३ रोजी सर्व्हर बंद झाले. खेळाडूंच्या डोळ्यांत पाणी होते. बंद करण्याआधी मात्र ब्लिझार्डने पात्राची नोंद फाइलच्या रूपात स्वतःच्या संगणकावर उतरवून घेण्याची सोय केली. एप्रिल २०२४ मध्ये दोन्ही कंपन्यांचे पुन्हा जुळले आणि त्या उन्हाळ्यात खेळ परतला, तेव्हा जुनी पात्रे जागेवर होती. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य नाही. ते करायचे की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर आहे.

आपला कायदा काय म्हणतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा दोन दिवसांत मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी घातली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळांना प्रोत्साहन द्यायचे असेही त्यात आहे. रोल-प्लेइंग खेळ सर्वसाधारणपणे या दुसऱ्या गटात बसतात, त्यामुळे या कायद्याने तुमचा खेळ बंद होणार अशी जी भीती घातली जाते ती बहुतांशी फोल आहे.

गंमत पुढे आहे. खेळातली नाणी, टोकन, वस्तू यांचा उल्लेख या कायद्यात आहे, पण तो ‘पैज’ या अर्थाने. पैसे देऊन घेतलेली नाणी जिंकण्याच्या आशेने लावली तर ती पैज मानायची, असे तो सांगतो. तीच नाणी ग्राहकाने विकत घेतलेला माल आहेत आणि दुकान बंद झाले तर त्यांचे काय, याबद्दल कायद्यात एक ओळ नाही. जिंकलेल्या वस्तू खऱ्या पैशांत विकण्याची सोय एखाद्या खेळाने आत दिलीच, तर तो खेळ संशयाच्या रेषेजवळ जाईल हेही ध्यानात घ्यावे. गावोगाव ‘आयडी’ विकण्याचा जो धंदा चालतो, तो तर बहुतेक खेळांच्या स्वतःच्या अटींतच बसत नाही. विकलेली आयडी मूळ मालकाने परत खेचली, अशी भांडणे म्हणूनच सुटत नाहीत.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यातून थोडी वाट निघते. वाजवी कारणाशिवाय एका बाजूला एकतर्फी करार संपवू देणारी अट ‘अन्यायकारक करारा’त मोडते, असे त्याचे कलम २(४६) सांगते. ऑनलाइन खेळांच्या अटींत अगदी हेच असते. अडचण अशी, की अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही, ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. आठशे रुपयांच्या टॉप-अपसाठी पाबळच्या मुलाने राज्य आयोग गाठावा, ही अपेक्षा कागदावरच बरी दिसते. ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून जिल्हा आयोगाकडे मात्र जाता येते, तेही कंपनी कुठलीही असो, स्वतः राहतो त्या जिल्ह्यात. मुदत दोन वर्षांची. सरकारी आदेशाने खेळ बंद झाला असेल तर कंपनी त्या आदेशाकडे बोट दाखवणार, हे उघड आहे. शिवाय खेळाडू अठराच्या आतला असेल तर त्याने केलेला करारच १८७२ च्या करार कायद्यानुसार टिकत नाही. हा मुद्दा पैसे परत मागताना कामाला येईल, पात्र परत मागताना आडवा येईल.

उरला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. आपली कोणती माहिती कंपनीकडे आहे, याचा सारांश मागण्याचा हक्क त्यात आहे. पण ती माहिती उचलून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क, जो २०१९ च्या विधेयकात होता, अंतिम कायद्यातून गळला. खेळाडूंच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो हाच, आणि तो गेल्याची हळहळ खेळाडूंच्या वर्तुळात फारशी उमटली नाही. आपल्याकडे खेळांवरची चर्चा व्यसन आणि बंदी या दोन शब्दांतच अडकते. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात पब्जीबाबत जनहित याचिका झाली, तीही बंदी मागणारी. पालकांची काळजी खोटी नाही, पण खेळणारा हा पैसे मोजणारा ग्राहकही आहे, ही बाजू मांडायला कोणी उभे राहत नाही.

युरोपात काय चालले आहे?

‘द क्रू’ हा युबिसॉफ्टचा २०१४ चा मोटारशर्यतीचा खेळ. तो एकट्यानेही खेळता येई, पण सर्व्हरशी जोडलेला असे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पूर्ण किंमत देऊन घेतलेला खेळ निरुपयोगी झाला. त्यावर रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. युरोपीय महासंघाच्या नागरिक-पुढाकार प्रक्रियेत दहा लाख सह्या लागतात. जुलै २०२५ अखेरपर्यंत त्याहून बऱ्याच जास्त जमल्या आणि तपासणीनंतर सुमारे १२ लाख ९४ हजार वैध ठरल्या. ब्रिटनच्या संसदेत नोव्हेंबर २०२५ मध्ये यावर चर्चा झाली. मागणी माफक आहे. सर्व्हर कायम चालवा असे कोणी म्हणत नाही. बंद करताना खेळ चालता राहील अशी काही व्यवस्था सोडून जा, एवढेच. कॅलिफोर्नियाने तर १ जानेवारी २०२५ पासून, परवाना विकत असताना ‘खरेदी’ हा शब्द खुलासा न करता वापरायलाच मनाई केली.

कंपन्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. रोल-प्लेइंग खेळाचा सर्व्हर म्हणजे एक प्रोग्रॅम नसून अनेक सेवांची गुंतवळ असते. त्यातले काही भाग दुसऱ्या कंपन्यांकडून भाड्याने घेतलेले असतात, ते लोकांना वाटून टाकता येत नाहीत. जुन्या खेळांसाठी हे अवघड आहे. नवा खेळ बांधतानाच शेवटाचा विचार करा म्हटले, तर तेवढे अवघड राहत नाही.

आणि पाबळ?

मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असलेल्या या गावाची आणखी एक ओळख आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये इथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांनी हाताने काम करत शिकावे, ही त्यामागची कल्पना. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकाराने इथे फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक. वापरणाऱ्याला वस्तू उघडता, समजून घेता, दुरुस्त करता आणि नव्याने बनवता आली पाहिजे, हा तिचा पाया. नादुरुस्त पंप उघडून बघणाऱ्या मुलाला हे पटवून द्यावे लागत नाही. त्याच मुलाच्या हातातल्या मोबाइलमधला खेळ मात्र उघडता येत नाही, आणि उघडला तर तो गुन्हा ठरू शकतो.

उघडल्यावर काय होते, याचे उदाहरण ‘सिटी ऑफ हीरोज’चे. २००४ चा हा महानायकांचा रोल-प्लेइंग खेळ एनसीसॉफ्टने ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद केला. २०१९ मध्ये उघडकीस आले, की काही जणांनी तो गुपचूप स्वतःच्या सर्व्हरवर चालू ठेवला होता. मग त्याचा कोड बाहेर आला आणि चाहत्यांनी ‘होमकमिंग’ नावाने खुला सर्व्हर उभा केला. कायद्याच्या दृष्टीने तो अधांतरीच होता. कंपनी खटला भरेल या सावटाखाली चार-पाच वर्षे गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने त्यालाच अधिकृत परवाना दिला. कंपनीचे त्यात काही बुडाले नाही. बंद केलेला खेळ तिला तसाही पैसे देत नव्हता.

खेळणाऱ्याने आज काय करावे?

‘गेस्ट’ म्हणून खेळत असाल तर खाते स्वतःच्या ईमेलला जोडा. पब्जीच्या वेळी हीच गोष्ट नडली. टॉप-अपच्या पावत्या ईमेलमध्ये येतात, त्या पुसू नका. वर्षभराचा पास किंवा मोठा नाण्यांचा साठा घेण्याआधी त्या खेळात गेल्या सहा महिन्यांत नवे काही आले का ते बघा. बंद होण्याची घोषणा झाली आणि शिल्लक नाण्यांचे काय हे कंपनी सांगत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. आणि टोळीतल्या मित्रांचे फोन नंबर खेळाबाहेर लिहून ठेवा. सर्व्हरबरोबर खेळातली चॅटही जाते.